दाविदमामांचा रविवारचा फोन

आमच्या मुलुंडला पाणी धरणातून येतं, असं पालिकेचं म्हणणं आहे. साफ खोटं. मुलुंडला पाणी दाविदमामांच्या मनगटातून यायचं. मामा रजेवर गेले की डोंगराकडच्या चाळींतले पुरुष दाढ्या राखायचे आणि मामा परत आले की न्हाव्यांची चंगळ व्हायची. एका लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला आणि मामांनी बदलला, कारण भटजींच्या मुहूर्ताला त्या गल्लीत पाणीच नव्हतं.

ज्यांच्या नळाला दिवसभर पाणी असतं त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. ठरल्या वेळी पालिकेचा चावीवाला येतो, झाकण उचलतो, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची लांबलचक लोखंडी चावी आत घालतो आणि गरगर फेऱ्या मारतो. त्या गल्लीला दोन तास पाणी. मग बंद, आणि पुढच्या गल्लीला. मामांनी हे काम तीस-बत्तीस वर्षं केलं. चावी त्यांच्यापेक्षा बोटभर उंच होती. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, चावीच माणसाला घेऊन चालली आहे.

फेऱ्या मामा प्रभूच्या प्रार्थनेवर मोजायचे. आमच्या गल्लीला अडीच प्रार्थना, बाजाराच्या गल्लीला तीन, टेकडीवरच्या वस्तीला साडेचार. एकदा मधेच शिंक आली आणि प्रार्थनेतली ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही ओळ राहून गेली, तर त्या दिवशी अख्ख्या चाळीची डाळ कच्ची राहिली. मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, आणि ती रास्तच आहे. पण स्वतःच्या चाळीचा व्हॉल्व्ह मामा सगळ्यांत शेवटी उघडायचे, यात काही वाढवलेलं नाही. तोवर पाण्याचा जोर गेलेला असायचा. मार्थामामी, म्हणजे त्यांची बायको, बादली आपटत म्हणायची, अख्ख्या मुलुंडला अंघोळ घालणाऱ्याच्या घरात आम्हीच तेवढे पारोसे.

मामांची दोनच वाक्यं होती. नळावर भांडण लागलं की, “पाळीनं, बाई, पाळीनं.” आणि कुणी मोठमोठ्यानं बोलायला लागलं की, “आधी झाकण उघडून बघ, मग बोल.” आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी लोक पुढे घुसायचे, तेव्हाही मामा खांबापाशी उभे राहून हळूच म्हणायचे, पाळीनं. पाळकसाहेबांना ते आवडायचं नाही, पण रांग सरळ व्हायची.

अशा माणसाला आफ्रिकेला कुणी नेलं, तर आम्हीच नेलं.

झालं असं की मलावी नावाच्या देशात मोठं वादळ झालं, पूर आला आणि नदीकाठच्या एका गावाचा हातपंप बंद पडला. तिथल्या फिरी नावाच्या पास्टरांची आणि आमच्या पाळकसाहेबांची ओळख होती. सेवेसाठी सात जणांनी बारा दिवस जायचं ठरलं. मग शिष्यत्वाचा वर्ग सुरू झाला. आठ आठवडे, वह्या, पेन, पाठांतर. शिष्य कसा असतो, कसा चालतो, कसा बोलतो. मी पहिल्या बाकावर. मला दुभाषा म्हणून घेतलं होतं, कारण अंधेरीच्या एका कंपनीत दिवसभर फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायचं, हीच माझी नोकरी. मी बोललो की गोऱ्या माणसालाही स्वतःच्या इंग्रजीची लाज वाटायची.

पंपासाठी चर्चमधले एक इंजिनिअर यायचे होते. त्यांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. मग कुणाला तरी निवृत्त दाविदमामा आठवले. वर्गात ते दोनदाच आले. दुसऱ्यांदा त्यांनी हात वर करून विचारलं, शिष्य म्हणजे शिकणारा ना? मग आपण सगळे शिकवायचीच तयारी का करतोय? पाळकसाहेब म्हणाले, छान प्रश्न आहे, आणि पुढचा मुद्दा घेतला.

सहारच्या विमानतळावर आमच्याकडे एकसारखे टी-शर्ट, वीस फुटी बॅनर आणि बाहुल्यांच्या नाटुकल्याचं सामान होतं. मामांच्या पिशवीत नट आवळायचे दोन पाने, रबरी वायसरांची माळ आणि मामीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. तपासणीवाल्यांनी पाने बाजूला काढले. मामांनी त्यांना पंप कसा बिघडतो ते असं समजावलं की शेवटी त्यांतला एक जण स्वतःच्या बिल्डिंगच्या पंपाची तक्रार सांगत बसला. पाने खालच्या सामानात गेले.

गावात पोचलो तेव्हा पुराचं पाणी ओसरलं होतं, पण सगळ्या उघड्या विहिरी घाण झाल्या होत्या. आजूबाजूच्या गावांत कॉलरा सुरू झालेला. सगळ्यांच्या नजरा त्या एका हातपंपावर. मामांनी तीन दिवस पंपाची हाडं मोजली. नळ्या वर काढल्या, सळया सरळ केल्या, वायसर बदलले. चौथ्या दिवशी पाणी आलं. गावातल्या बायका नाचल्या. आम्ही बॅनर धरून फोटो काढले. मामांना मधे उभं केलं तर ते फोटोतही पंपाकडेच बघताहेत.

आमचा स्वयंपाक लव्हनेस नावाची बाई करायची. तिशीतली, उंच, आवाज असा की तीन शेतांपलीकडची कोंबडी दचकावी. घरी तिची म्हातारी आई, जिला सगळे गोगो म्हणत, म्हणजे आजी, आणि जिला घागर उचलवायची नाही. लव्हनेस पहाटे यायची, आमचा चहा-नाश्ता करायची, दुपारी तासभर घरी जायची आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे. मामांना तिनं ‘मादझी’ नाव ठेवलं होतं, म्हणजे पाणी. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात तिकडे, त्याला न्सिमा म्हणतात. मामा तो औषधासारखा गिळायचे. ती समोर बसून त्यांची नक्कल करायची, डोळे मिटून, नाक दाबून. मामा हसायचे. मुलुंडमध्ये मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आमच्यासाठी शहरातून पाण्याच्या बाटल्या यायच्या. ती त्याच पाण्यात आमचं अन्न शिजवायची, पण त्यातलं घोटभरही घरी न्यायची नाही. ते पाहुण्यांचं पाणी.

पाचव्या दिवशी मामांच्या लक्षात आलं की पंप तासभर चालतो आणि मग नुसती हवा ओकतो. खाली झरा बारीक होता, त्याला भरायला वेळ लागत होता. मामांनी मुलुंडचं डोकं लावलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, मधल्या वेळात दांड्याला साखळी आणि टाळं. सगळ्यांना पाळीनं मिळेल. त्यांनी मला हाक मारली.

“स्टीफ्या, फिरीसाहेबांना घे आणि बायकांना विचारून ये, ह्या वेळा चालतील का. आपल्या प्रार्थनासभेला बसतात त्यांना नको विचारू, त्या हो म्हणणारच. ज्या येत नाहीत त्यांना विचार.”

मी निघालो. ऊन होतं. वाटेत पोरांचा घोळका भेटला आणि मी त्यांना मुंबईच्या गोष्टी सांगायला लागलो. मी रोज कामावर देवमाशावर बसून जातो, अंधेरीला उतरतो, माशाला बाहेर बांधून ठेवतो. फिरी भाषांतर करता करता हसून लोळायचे बाकी होते. अर्धा तास गेला. एकाही बाईला काही विचारलं नाही. परत आलो.

“विचारलं मामा. सगळ्यांना चालतंय.”

“सगळ्यांना?”

“एकूण एक.”

मामांनी टाळं लावलं.

आठव्या दिवशी सकाळी चहा आला नाही. चूल थंड. अंगणाच्या कडेला गोगो उभी होती आणि तिच्यापाशी फिरी. फिरींचा चेहरा बघून मामा उठले आणि चालायलाच लागले. मी मागोमाग धावलो.

लव्हनेस जमिनीवर होती. एका दिवसात बाई अर्धी झाली होती. डोळे आत गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती. रात्रभर उलट्या, जुलाब. गाडीरस्ता पुरानं वाहून गेलेला, उपचारांचा तंबू दोन तासांच्या वाटेवर. सायकलच्या कॅरिअरवर तिला बसवलं. फिरी पुढे सायकल धरून चालले, मामा मागून तिला दोन्ही हातांनी धरून. मीठसाखरेच्या पाण्याची बाटली त्यांनी खिशात खोचली होती. दर वीस पावलांवर घोटभर. ती ते ओकायची, मामांच्या शर्टावर, हातांवर. मामा पुसत नव्हते, पुढचा घोट देत होते. मी सोबत होतो असं मी पुढे चर्चमध्ये सांगितलं. सोबत म्हणजे दहा हात मागे, नाकाला रुमाल लावून.

तंबूत खाटा संपलेल्या. तिला ताडपत्रीवर निजवलं. सलाईनची एक बाटली मिळाली, दुसरीसाठी थांबायचं होतं. मामांनी तिचे कपडे बादलीत घेऊन धुतले, पुन्हा धुतले. नर्सनं फिरींना विचारलं, हिनं पाणी कुठलं प्यालं? लव्हनेसनं अगदी हळू काहीतरी सांगितलं. फिरींनी ते मला इंग्रजीत सांगितलं. नदीकाठच्या जुन्या खड्ड्यातलं. पंप उघडा असतो तेव्हा ती आमचा स्वयंपाक करत असते. ती मोकळी होते तेव्हा पंपाला टाळं असतं.

मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “नदीचं पाणी प्यायली म्हणे.”

“का? पंप होता ना.”

मी रुमाल पुन्हा नाकाला लावला. मामांनी बोटांवर हिशेब केला. सकाळचे तास, संध्याकाळचे तास, आमचा नाश्ता, आमचं जेवण. मग त्यांचा हात तसाच राहिला. थोड्या वेळानं ते ताडपत्रीपाशी खाली बसले आणि तिच्या पायांवरच्या माशा हाकलायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, प्रार्थना. जवळ गेलो तर नुसतं, “उठ गं बाई. उठ गं बाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मामांनी गावात येऊन आधी साखळी कापली. टाळ्याची किल्ली खिशात होती, पण ती काढायचं त्यांना सुचलंच नाही. करवतीनं कापली. मग गोगोच्या घरी गेले. तिकडे कुणी वारलं की पुरुष घराबाहेर जमिनीवर बसून राहतात, दिवसचे दिवस. मामा त्यांच्यात जाऊन बसले. त्यांनी फिरींकरवी सांगितलं की टाळं मी लावलं. लोकांनी ऐकलं. कुणी हाकललं नाही, कुणी जागाही करून दिली नाही. गोगो दारात आली, त्यांच्याकडे बघितलं आणि आत गेली.

आमचं विमान दोन दिवसांवर आलं. मामा म्हणाले, मी इतक्यात येत नाही. पाळकसाहेबांनी समजावलं, रागावले, शेवटी म्हणाले की निदान भाषेसाठी कुणीतरी सोबत थांबा, आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, माझी रजा संपली, कंपनी एक दिवस थांबणार नाही. माझी आठ दिवसांची रजा शिल्लक होती. गाडी निघाली तेव्हा मी मागे बघितलं. मामा त्या पुरुषांच्या ओळीत शेवटी बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांना तिथल्या भाषेतलं पाणी आणि न्सिमा सोडून काही येत नव्हतं.

ते तीन आठवड्यांनी परत आले. चर्चनं साक्षीचा रविवार ठेवला. समोर मोठा फोटो, मामा आणि पंप. आम्ही प्रत्येक जण काय शिकलो ते सांगत होतो. मी वीस मिनिटं बोललो, दोन ठिकाणी लोक रडले. मग मामा उठले. माइक लांबच ठेवून म्हणाले, “मी टाळं लावलं. आधी विचारायचं होतं. मी विचारलं नाही. त्यात एक बाई गेली, लव्हनेस नावाची.” आणि बसले. मामांनी माझ्या बाकाकडे बघितलंसुद्धा नाही.

चर्चमधली भक्ती संपल्यावर मी त्यांना मागच्या जिन्यात गाठलं. म्हणालो, मामा, मी खोटं बोललो होतो, मी कुणालाच विचारलं नव्हतं.

“माहीत आहे. फिरीसाहेबांनी सांगितलं, खाणाखुणा करून, सोप्या इंग्रजीत.”

“मग तुम्ही असं का म्हणालात?”

“बायका-पोरींना पाणी कधी हवं ते मुलुंडमध्ये मी कधी दुसऱ्याला विचारायला पाठवलं होतं का रे? स्वतः दारोदार जायचो. तिथे गेलो आणि साहेब झालो.” जिन्याच्या कठड्याला धरून ते दोन पायऱ्या उतरले, मग थांबले. “तुझं तू बघ. माझं मी बघतो.”

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

माझं मी काही बघितलं नाही. मामांनी मात्र बघितलं. त्यांनी एक वही केली. फिरींना फोन करून मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकेक शब्द विचारायचा आणि देवनागरीत लिहायचा. पहिला शब्द ‘पेपानी’, म्हणजे चुकलो, माफ कर. मग पाऊस, चूल, कोंबडी, गुडघा, लेक. दर रविवारी दुपारी चार वाजता, म्हणजे तिकडे साडेबाराला, चर्च सुटल्यावर, फिरी आपला फोन गोगोच्या अंगणात नेऊन तिच्याशेजारी ठेवायचे. मामा इकडून बोलायचे. ज्या भाषेचे शंभर शब्द येत नाहीत त्या भाषेत सत्तरीचा माणूस बोलतोय. पाऊस आला का. माझा गुडघा दुखतो. लव्हनेस मला हसायची. पेपानी. पलीकडून कोंबड्यांचे आवाज यायचे, वाऱ्याचा आवाज यायचा. गोगो बोलायची नाही. मामा दहा मिनिटं बोलायचे, दोन मिनिटं वाट बघायचे आणि फोन ठेवायचे. मामी म्हणायची, माझ्याशी अख्ख्या संसारात एवढं बोलले नाहीत, आणि त्या सटवीला एक हुंकार देता येत नाही. पण चारला पाच कमी असताना तीच टीव्ही बंद करायची.

पाळकसाहेबांनी त्यांना समजावलं, देवानं तुम्हाला क्षमा केली आहे, आता सोडा. मामा म्हणाले, देवाचं देवाशी बोललोय. हे तिचं आहे.

वर्ष होत आलं. मामांचं हृदय सुजलं, पाय सुजले, बोलताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हटलं. मामांनी आठवडाभर बोलणं बंद केलं आणि ते रविवारसाठी साठवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही एका रविवारी. त्यानंतरच्या बुधवारी ते गेले. मी साडेतीनला पोचलो तेव्हा ते कॉटवर तीन उशांना टेकून बसले होते. फोन छातीवर, स्पीकर चालू करून. वही मामीनं डोळ्यांसमोर धरलेली. चारला फिरींचा आवाज आला, मग अंगणाचा. मामांनी सुरुवात केली. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. पाऊस. पाय. लेक. पेपानी. एवढ्यालाच पाव तास लागला. मग ते थांबले आणि वाट बघायला लागले. मामीनं सवयीनं फोनकडे हात नेला.

तेवढ्यात पलीकडून गोगो बोलली.

बराच वेळ बोलली. आवाज कोरडा, सावकाश, मधे मधे थांबत. मामांनी डोळे विस्फारून वहीची पानं उलटली, पण त्यात ते शब्द नव्हते. तिचं बोलणं संपलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन उचलला आणि फिरींना इंग्रजीत विचारलं, काय म्हणाली? फिरी थोडे घुटमळले. मग त्यांनी सांगितलं.

मला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नाहीत, तेव्हाही पडले नसते. वाक्य तयार होतं. ती म्हणते तुम्हाला क्षमा केली, ती म्हणते देव तुमचं भलं करो. एका ओळीचं काम. समोर मरायला टेकलेला माणूस, आणि खोटं पकडणारं इथे कुणी नाही.

मामांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून ताकद होती.

“जेवढं बोलली तेवढंच सांग.”

मी सांगितलं. “ती म्हणते, मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करीन की नाही, ते मला माहीत नाही.”

मामी तोंडाला पदर लावून रडायला लागली. मामांनी मान हलवली, पुढे सांग म्हणून.

“म्हणते, पण रविवारी ह्या वेळेला मी अंगणात बसलेली असते.”

मामा धाप खाली बसेपर्यंत थांबले.

“बसलेली असते, म्हणाली?”

“हो.”

“तू घातलेलं नाहीस ना त्यात?”

“नाही मामा.”

त्यांनी माझं मनगट सोडलं, उशीवर डोकं टेकलं आणि मामीकडे वळून म्हणाले, “मार्था, फोन चार्जिंगला लाव.”